बेटांचे आगबोटवाले

श्रोतेहो, कोकणातल्या वडीलधाऱ्यांना आगबोटीची गोष्ट नव्याने सांगायला नको. बोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू, पेट्या, गाठोडी, सारे पडावातून किनाऱ्याला लागायचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. तिथेही पुष्कळ गावांना धक्का नव्हता. तिथेही असेच चालायचे. त्या बेटांच्या बोटींचा कारभार पाहणारे डेव्हिड मॅकब्रेन यांची हकिगत आज सांगतो.

ग्लासगो शहरात बर्न्स बंधूंची मोठी आगबोट कंपनी होती. १८५१ साली त्यांनी या किनाऱ्यावरचा धंदा डेव्हिड हचिसन यांच्या हाती दिला. मॅकब्रेन हे बर्न्स बंधूंचे भाचे आणि नव्या पेढीतले धाकटे भागीदार. पुढे दोघे हचिसन बंधू निवृत्त झाले आणि १८७९ मध्ये सारी पेढी एकट्या मॅकब्रेन यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती!

आता पाहा, विरळ वस्ती, थोडी मेंढरे, थोडी मासळी आणि टपालाची थैली. एवढ्यावर बोटीच्या कोळशाचा खर्च तरी निघेल काय? पेढीला दोन आधार होते. एक उन्हाळ्यातले हौशी प्रवासी आणि दुसरा सरकारी टपालाचा ठेका. प्रवाशांसाठी १८७८ साली 'कोलंबा' ही डौलदार बोट बांधली. तिच्यावर टपाल कचेरी होती, न्हाव्याचे दुकानसुद्धा होते. ओबान बंदरातून लोक स्टाफाची गुहा आणि आयोनाचा मठ पाहायला जात. आणि हिवाळ्यात, हौशी मंडळी घरी शेकत बसली, तरी बेटांवर पीठमीठ आणि पत्रे पोचवावीच लागत.

काटकसर तर विचारू नका. १८४६ साली बांधलेली 'ग्लेनको' ही बोट १९३१ पर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षे, पाण्यावर होती. बेटवाले कुरकुरत : भाडे फार, बोटी जुन्या. त्यांचे चुकत नव्हते. दुसरी बोट नसली म्हणजे गिऱ्हाइकाने जायचे कुठे? पण हीही बाजू ध्यानात घ्या, की बोट बंद पडली असती तर कुरकुरायलाही जागा उरली नसती.

मॅकब्रेन १९०७ मध्ये वारले. पुढे १९२७ या एकाच वर्षात कंपनीच्या तीन बोटी गेल्या, आणि १९२८ मध्ये टपालाचा ठेका पुन्हा घेण्याची तिची ताकद उरली नाही. तेव्हा एक रेल्वे कंपनी आणि एक जहाज कंपनी यांनी मिळून तिला सावरले. आज त्या बेटांच्या बोटी सरकारी मालकीच्या कंपनीच्या आहेत. नावात मात्र 'मॅकब्रेन' कायम आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, चारी बाजूंनी पाणी म्हणजे बेट, ही व्याख्या आपण मुलांकडून घोकून घेतो. तिला एक प्रश्न जोडा : तिथली बोट कोण चालवतो आणि तोटा कोण सोसतो? एकट्या माणसाची हुशारी अशी सेवा उभी करते. ती टिकवायची जबाबदारी मात्र सगळ्या समाजाचीच असते. आडवाटेच्या गावच्या एसटीलाही हाच न्याय लागू आहे.