एकदा झाला म्हणून सुटका नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. क्षय भोगून बरी झालेली तुमच्यातलीच एक आहे. म्हणून दोन शब्द सांगण्याचे धाडस करते.

औषधाचे सहा महिने पुरे झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसेच हे." मलाही पटले. चार वर्षांनी पुन्हा खोकला लागला, तर दोन महिने मी आल्याचा काढा घेत घरीच राहिले. शेवटी थुंकीत जंतू निघाले. ते दोन महिने धाकटी लेक माझ्या कुशीत निजत होती. तिला रोग झाला नाही, पण प्रतिबंधाच्या गोळ्या कित्येक महिने द्याव्या लागल्या.

असे का झाले, ते डॉक्टरांनी समजावले. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात. पण जंतू पेशींच्या पोटातही जगतात. खास लढाऊ पेशी मदतीला यायला काही आठवडे जातात. मग साऱ्या मिळून जंतूंभोवती वेढा घालतात. आपण वाडीला गडगा घालतो ना, तसाच. फरक एवढाच की इथे गुरे आत कोंडलेली! मधुमेहाने, उपासमारीने वा म्हातारपणाने गडगा ढासळला की ती बाहेर पडतात.

शिवाय बाहेरून नवी लागण होतेच. शरीराला पहिल्या लढाईची आठवण राहते, हे खरे. माकडांवरील प्रयोगांत दुसऱ्या लागणीचे जंतू फारच थोडे वाढले. ज्यांच्यात जंतू नुसते कोंडलेले आहेत, त्यांना या आठवणीचा बराच आधार मिळतो. पण रोग होऊन गेलेल्यांचे तसे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या केप टाऊनच्या पाहणीत, बऱ्या झालेल्यांना नव्या लागणीने क्षय होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले. गोवराचा न्याय इथे लागू नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच जंतू शोधला होता, पण औषध नव्हते. आज सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध, दोन्ही फुकट मिळतात.

तेव्हा भगिनींनो, खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घ्या; पूर्वी क्षय झालेला असेल तर आधी घ्या. काढा खुशाल प्या, पण तपासून आल्यावर!