वाडा आमचा, कारभारी कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘ज्या यंत्रासाठी जी ऑपरेटिंग सिस्टीम केलेली नाही ती त्यावर चालविणे’ असे मी कळविले. त्यावर त्यांनी सौम्यपणे सुचविले की, असले नाव फलकावर लिहिले तर सभागृहात खुर्च्याच तेवढ्या ऐकायला बसतील. म्हणून मथळा बदलला आहे. विषय मात्र तोच आहे.

संगणक विकत घेतला म्हणजे नुसता वाडा आपल्या पदरात पडतो. माजघर, कोठार, विहीर सारे जागच्या जागी असते. पण कोणाला आत घ्यावे, कोठारातले काय कोणाला किती द्यावे, दिवा केव्हा मालवावा, हे पाहायला कारभारी लागतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हा कारभारी. बहुतेक वाडे कारभाऱ्यासकट विकले जातात, आणि घेणाऱ्याला ते सोयीचेही असते. तंटा उभा राहतो तो मालक जेव्हा म्हणतो, “वाडा छान आहे, कारभारी मात्र मी माझा आणीन,” तेव्हा.

नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपल कंपनीने इंटेलची चिप सोडून स्वतःची एम1 ही चिप घातलेले मॅक बाजारात आणले. यंत्र वेगवान, वीज थोडकी खाणारे. त्यावर लिनक्स चालावे असे पुष्कळांच्या मनात आले. लिनक्सचे कूळ आपणांस ठाऊक असेल. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ती आपल्या घरच्या 386 यंत्रापुरती लिहिली, आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ती कधी चालेल असे त्याला स्वतःलाही वाटत नव्हते. नोव्हेंबर 2017 च्या यादीपासून पाहिले तर जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांपैकी प्रत्येकावर तीच आहे. बापाचे भाकीत पोराने खोटे पाडले!

ॲपलने एक दार मात्र उघडे ठेवले होते. मालकाने यंत्रासमोर बसून, बटण दाबून धरून, आपला सांकेतिक शब्द देऊन संमती दिली, तर मॅकवर दुसरी सिस्टीम सुरू करता येते. त्याच घराण्यातल्या चिपा आयफोनमध्ये आहेत. तिथे हे दार नाही. पण दार उघडे असणे निराळे आणि घराचा नकाशा हाती असणे निराळे. कळफलक कोणत्या पत्त्यावर, पडदा कसा उजळतो, चिपेतला चित्रे काढणारा भाग कोणती भाषा बोलतो, यातले काहीही ॲपलने लिहून दिले नव्हते. आंधळ्याने परक्या घरात पाणी शोधावे तशातली गत.

हेक्टर मार्टिन या अभियंत्याने लोकांकडून वर्गणी गोळा करून हे काम अंगावर घेतले. नाव ठेवले असाही. जपानीत त्याचा अर्थ उगवता सूर्य. आणि ज्या सफरचंदाच्या जातीवरून मॅकिंतॉश हे नाव आले, त्या जातीलाही जपानात असाहीच म्हणतात.

यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. जुन्या कारभाऱ्याला त्यांनी हाकलले नाही. त्याला नेहमीसारखे काम करू दिले, आणि आपण माळ्यावर चटई टाकून बसले. एमवनएनवन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. तो आधी सुरू होतो, आणि ॲपलची स्वतःची सिस्टीम त्याच्या पोटात चालते. तिला वाटते, घर आपल्याच ताब्यात आहे. पण ती ज्या ज्या दाराला हात लावील त्याची नोंद खाली उतरत असते. आत्ता हा आकडा या पत्त्यावर लिहिला, आणि पडदा उजळला. मग हाच आकडा आपण लिहून पाहायचा. ॲपलच्या लिखाणाची नक्कल करायची नाही. वागणे पाहायचे आणि आपले आपण लिहायचे. मार्च 2022 मध्ये पहिली कच्ची आवृत्ती लोकांच्या हाती आली.

मला सर्वांत भावलेली गोष्ट स्पीकरची. आपण म्हणाल, आवाज काढणे ते काय अवघड! अहो, त्या मॅकमधले चिमुकले स्पीकर त्यांच्या ताकदीच्या काठावर चालवलेले असतात. आतल्या तारेचे वेटोळे किती तापले असेल याचा हिशेब सॉफ्टवेअर क्षणोक्षणी करते आणि पाहिजे तेव्हा आवाज आवरते. हा हिशेब न ठेवता गाणे लावले तर वेटोळे जळेल. म्हणून या मंडळींनी, आवाज काढता येत असूनही, स्पीकर बंदच ठेवले. लोक कुरकुरले. पण पहारा ठेवणारा प्रोग्रॅम तयार होऊन त्याची खात्री पटेपर्यंत ते बधले नाहीत; डिसेंबर 2023 मध्ये फेडोरा असाही रीमिक्स ही आवृत्ती निघाली तेव्हा कुठे आवाज फुटला. दुसऱ्याच्या वस्तूची एवढी काळजी पगारी माणसेही क्वचितच घेतात.

चित्रांच्या भागाचा छडा ॲलिसा रोझेन्झ्वाइग या विद्यार्थिनीने लावला. ॲपलची स्वतःची सिस्टीम ओपनजीएल या चित्रमानकाच्या 4.1 या पायरीवर थांबलेली. या आगंतुकांनी फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच चिपेवर 4.6 गाठली.

आता उलटी गोष्ट. 2006 साली सोनीने प्लेस्टेशन 3 हे खेळण्याचे यंत्र काढले, तेव्हा त्यावर दुसरी सिस्टीम घालण्याची सोय कंपनीनेच दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलाने असली सतराशेंहून अधिक खेळणी जोडून 2010 मध्ये एक महासंगणक उभा केला. त्याच वर्षी 1 एप्रिलला सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन विकलेल्या यंत्रांतूनही ती सोय काढली. सुधारणा घ्या आणि लिनक्स गमवा, किंवा सुधारणा नाकारा आणि सोनीच्या जाळ्यावरचे खेळ गमवा! तारीख पाहून लोकांना थट्टा वाटली असेल. ती थट्टा नव्हती. खटला झाला, वर्षानुवर्षे चालला आणि तडजोडीने मिटला. पैसे देऊन घेतलेल्या वाड्याची एक खोली विकणाऱ्याने मागाहून विटांनी बंद करावी, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

मॅकची गोष्ट तरी गोड शेवटाची आहे काय? तसे म्हणवत नाही. ॲपल नवी पिढी काढते आणि माळ्यावरची चटई पुन्हा अंथरावी लागते. ‘आमच्या यंत्रावर केव्हा?’ अशा तगाद्यांनी आणि लिनक्सच्या गोटातल्या वादांनी थकून मार्टिन यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये काम सोडले. राहिलेल्यांनी ते पुढे चालविले आहे. फुकट मिळालेल्या वस्तूचा ग्राहक सर्वांत तापट असतो, हा माझाही अनुभव आहे.

हे सारे तुम्हांआम्हांला कशाला? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि विंडोज 11 जुन्या यंत्रांना दारात उभे करीत नाही, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मागते. माझा लॅपटॉप असाच नाकारला गेला. दुकानदार म्हणाला, “काका, भंगारात द्या.” मी त्यावर लिनक्स घातले. दोन दिवस वायफाय चालेना, घरात लांबलचक वायर पसरली आणि सौभाग्यवती तीत दोनदा अडखळल्या. तिसऱ्या दिवशी चालले. आजचे हे टिपण त्याच यंत्रावर, देवनागरीत, लिहिले आहे.

ज्यांच्या घरी असा लॅपटॉप पडून असेल त्यांनी आधी आपले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवावेत. मग लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि तिथूनच चालवून पाहावे. आतले काही पुसावे लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासावा, आणि पटले तरच कायमचे घालावे. पेन ड्राइव्ह मी दोन आणले आहेत. सभा संपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला मी थांबतो.