संगणकाचे स्वावलंबन : लिनक्स निवडताना
(चंद्रपूर येथील व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा-साहाय्य थांबविले. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. त्यामुळे आपल्या घरांतील, शाळांतील, वाचनालयांतील धडधाकट संगणक एकाएकी टाकाऊ ठरू लागले. यंत्र आपले, पैसा आपला. त्याचे आयुष्य मात्र परकीय कंपनी ठरविणार! स्वावलंबनाची भाषा बोलणाऱ्यांनी याचा विचार करायचा नाही, तर कोणी?

लिनक्स हा यावरचा पर्याय होय. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली रचलेल्या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी अनेक प्रणाली उभ्या केल्या. त्यांतली कोणती घ्यावी?

कार्यकर्ते विचारतात, 'आपल्या सी-डॅकची बॉस प्रणाली असताना दुसरी कशाला?' प्रश्न रास्त आहे. परंतु २००७ मध्ये आलेली बॉस ही डेबियनवर उभी आहे, आणि डेबियन १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक घडवीत आहेत. संरक्षण मंत्रालयाची २०२३ ची मायादेखील उबुंटूवर आधारलेली आहे. यात कमीपणा नाही. स्वदेशी म्हणजे केवळ शिक्का नव्हे. जे आपल्याला उघडून वाचता येते, दुरुस्त करता येते, गरजेप्रमाणे बदलता येते, ते आपले.

तेव्हा निवडीची कसोटी साधी ठेवावी : दीर्घकाळ साहाय्य, जुन्या यंत्राला पेलणारा भार आणि हाकेच्या अंतरावर जाणकार. चार जीबी रॅमच्या घरगुती संगणकास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उत्तम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत साहाय्य आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी रोज नवे काही मागणारी प्रणाली काय कामाची? लिब्रेऑफिससह सर्व साहित्य एकाच पेनड्राइव्हवर नेता येईल, अशीच घ्यावी. शाळेत सर्व संगणकांवर एकच प्रणाली असावी. राजकीय मतभेद कितीही असोत, शाळांत मुक्त प्रणाली रुजविण्याचा धडा केरळकडून जरूर घ्यावा.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टॅलीवर हिशेब किंवा श्रीलिपीवर मुद्रणाचे काम चालत असेल, तर तो एक संगणक विंडोजवरच राहू द्यावा. इतरांनी आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहावे. छपाईयंत्र, वायफाय, ध्वनी तपासावा. कागदपत्रांची प्रत बाजूला ठेवावी आणि मगच प्रणाली बसवावी.

आणखी एक गोष्ट. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळपाट लिनक्समध्ये मिळतोच. गोंडीच्या दोन लिप्यांनाही २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. एटापल्लीच्या वनवासी विद्यार्थ्याला पडद्यावरच्या सूचना त्याच्या माडियात दिसाव्यात असे वाटले, तर ते भाषांतर करायला कोणा कंपनीची अनुमती लागत नाही. लागतात ती चार चिकाटीची माणसे.

प्रत्येक तालुक्यात लिनक्स बसविणारे आणि शिकविणारे दोन तरुण तयार झाले, तर कोणती प्रणाली निवडावी हा प्रश्न निम्मा सुटेल. ते काम आपले आहे.