पोते भरताना



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, पोते भरण्यात सांगण्यासारखे ते काय आहे? एकाने तोंड धरायचे, दुसऱ्याने ओतायचे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ते येते. खरे आहे. पण वर्षभर राबून पिकवलेला माल ज्या घटकेला पोत्यात जातो, त्याच घटकेला तो मोजला जातो. तिथे जे चुकले ते पुढे कुठेच भरून निघत नाही. म्हणून आज पंधरा मिनिटे आपण पोत्याजवळ बसू.

आपल्याकडे पूर्वी खळ्यावर धान्य तोलत नसत, मापत. पायली, अधोली, शेर ही मापे. माप घालणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे, आणि मग दोन, तीन असे मोजत जाई. माप शिगेचे की सपाट, यावरून भांडणे ठरलेली. त्यात पायली गावोगाव निराळी. शिवाय गंमत अशी की, तेच माप हलक्या हाताने भरले तर कमी मावते आणि आपटून भरले तर जास्त मावते. देणारा अलगद भरी, घेणारा आपटून भरी. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने बाजारात येऊ लागली, आणि मण-शेर हळूहळू मागे पडून किलो आणि क्विंटल आले. भांडण मात्र संपले नाही. ते मापावरून उठून काट्यावर जाऊन बसले.

पोते किती किलोचे असावे, ही गोष्टही साधी नाही, बरं का. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा हमाल आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. चाळिशी ओलांडायच्या आत त्या माणसाची कंबर जाते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हातापाठीवर उचलायचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक असू नये. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि पोत्याचे ओझे कमी व्हावे यासाठी हमालांनी वर्षानुवर्षे झगडा केला. आज सरकारी धान्याचे पोते ५० किलोचे असते, त्यामागे हा इतिहास आहे. पोते लहान झाले म्हणजे एका क्विंटलला दोन वेळा भरणे, दोन वेळा तोलणे आणि दोन वेळा शिवणे आले. काम वाढले. म्हणूनच भरण्याच्या साधनाकडे लक्ष देणे भाग पडले.

आता ते साधन पाहू. मोठ्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आपोआप भरणारी, तोलणारी, शिवणारी यंत्रे असतात. त्यांच्या वाटेला आपण जात नाही. गावच्या गोदामाला, बचतगटाला किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून घ्यायला पुरेल असे साधन म्हणजे एक लोखंडी चौकट, तिच्यावर बसवलेला उतरत्या भिंतींचा हौद, त्याच्या बुडाला सरकती झडप आणि खाली काटा. या हौदाला हॉपर म्हणतात. पण तुम्हाला तो नवा नाही. पाभरीचे चाडे आठवा. वर रुंद, खाली निमुळते, हाताने सोडलेले बी नळ्यांतून सरळ जमिनीत. हॉपर म्हणजे मोठे चाडेच.

या हौदाच्या भिंती किती उताराच्या कराव्यात? याचे उत्तर तुमच्या खळ्यावर आहे. धान्याची रास घाला आणि तिच्या बाजूचा उतार पाहा. गव्हाची रास पसरट बसते, भाताची अधिक उभी राहते. भाताच्या दाण्याला खरबरीत टरफल असते, दाणा दाण्याला धरून राहतो. राशीचा जो उतार, त्यापेक्षा हौदाची भिंत बरीच अधिक उभी हवी, नाहीतर कोपऱ्यांत धान्य अडकून बसते आणि दर वेळी काठीने ढोसावे लागते. पंचेचाळीस अंश किंवा त्याहून थोडा अधिक उतार ठेवला तर आपली बहुतेक धान्ये निघून येतात.

पीठ मात्र येत नाही. पीठ, बेसन, रवाळ भरड यांची झडपेवर कमान धरते. खालून पाहावे तर पोकळी, वरून पाहावे तर हौद भरलेला. पिठासाठी नळीत फिरणारा मळसूत्री दांडा लावतात, तो पीठ ढकलत आणतो. तेव्हा एकाच यंत्रात ज्वारीही भरू आणि बेसनही भरू असे सांगून कुणी माल गळ्यात मारू लागला, तर त्याला तुमच्यासमोर दोन्ही भरून दाखवायला सांगा.

गुरुजनहो, आता थोडे तुमच्यासाठी. पाण्याची टाकी भरलेली असली की नळाची धार जोरात येते आणि टाकी रिकामी होत आली की धार मंदावते, हे मुलांना ठाऊक असते. धान्याचे तसे नाही. हौद काठोकाठ भरलेला असो की अर्धा, धार जवळजवळ तीच राहते. हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकची एक बाटली घ्या, तिचे बूड कापा, बाटली उलटी धरा. तोंडावर बोट ठेवून आत बाजरी भरा. बाहेरून सारख्या अंतरावर तीन रेघा मारा. बोट काढा आणि प्रत्येक रेघेपर्यंत यायला किती वेळ लागला, ते एका मुलाला घड्याळ पाहून सांगू द्या. मग तोच प्रयोग पाण्याने करा. पाण्याची शेवटची रेघ रेंगाळेल, बाजरीची रेंगाळणार नाही.

असे का होते? दाणे एकमेकांवर रेलतात आणि भिंतीला टेकतात. वरच्या दाण्यांचा बराचसा भार भिंती उचलतात, तळापर्यंत तो पोचतच नाही. जान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअराने १८९५ साली धान्य भरलेल्या उभ्या नमुना-कोठ्या तोलून हे दाखवले. आपल्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, धार सारखी असल्यामुळे भरायला लागणारा वेळही सारखा असतो. माणसाचा हात त्याला सरावतो. दुसरी गोष्ट झडपेच्या तोंडाची. तोंड दुप्पट रुंद केले तर धार दुप्पट होत नाही, पाच-सहा पट होते! वीतभर रुंदीचे तोंड ठेवले तर गव्हाचे पोते तुम्ही झडपेवरचा हात हलवायच्या आत भरून उतू जाईल. दहा सेंटिमीटरचे गोल तोंड असले तर पन्नास किलो गव्हाला हिशेबाने बारा ते पंधरा सेकंद लागतात. आपल्याला तेवढे पुरे.

तेवढ्या धारेतही सेकंदाला चार किलोच्या आसपास माल पडत असतो. झडप लोटायला अर्धा सेकंद उशीर झाला की दोन किलोचा फरक पडला. त्यातून धार पडत असताना काटा थरथरत असतो, आकडा नीट दिसत नाही. म्हणून कारखान्यांतल्या यंत्रांतसुद्धा धार दोन टप्प्यांत सोडतात. अठ्ठेचाळीस किलोपर्यंत पूर्ण झडप, आणि उरलेले दोन किलो बारीक धारेने. आपल्याला त्यासाठी वीज नको, काही नको. झडपेच्या पट्टीला एक खूण करून ठेवावी, पहिल्यांदा तिथपर्यंत बंद करावी, काटा स्थिर होऊ द्यावा आणि मग हळूहळू पुरे करावे.

इथे मी स्वतः खाल्लेली एक ठेच सांगतो. आम्ही पहिली चौकट करून घेतली तेव्हा पोत्याचे तोंड हॉपरच्या नळीलाच पट्ट्याने आवळत असू. धूळ उडत नसे, सांडत नसे, सगळे खूश. संध्याकाळी भरलेली पोती दुसऱ्या काट्यावर घातली तर एकेक पोते किलो-दीड किलोने अधिक! लोहाराला बोल लावला, काटा बदलून आणला, तरी तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मापाड्याने पोत्याच्या गळ्याला बोट लावले आणि म्हणाला, ‘‘साहेब, पोतं टांगलंय की तुम्ही, तोललंय कुठं?’’ त्याचे बरोबर होते. पोत्याचा काही भार पट्टा उचलून धरत होता, काट्याला तेवढा कळतच नव्हता. काटा पन्नास दाखवीपर्यंत आम्ही ओतत होतो आणि शेतकऱ्याचा माल फुकट जात होता. तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा. पोते ज्या आकड्यांना अडकवायचे, ते आकडे आणि त्यांची चौकट सबंध काट्यावर उभी हवी. हॉपर निराळ्या पायांवर, आणि दोघांमध्ये बोटभर मोकळी जागा. काट्याखालची जमीन सपाट हवी आणि वर पंख्याचा वारा नको. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. विजेच्या काट्याची पडताळणी वर्षातून एकदा व्हावी लागते. शिक्क्याची तारीख पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आता बारदानाचा हिशेब. पन्नास किलोचे तागाचे नवे सरकारी पोते सुमारे ५८० ग्रॅमचे असते. प्लॅस्टिकच्या धाग्याचे पोते सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. जुने, मळलेले, ओल धरलेले तागाचे पोते आणखी जड. काही ठिकाणी पोत्यामागे सरसकट एक किलो कापतात आणि त्याला बारदानाची घट म्हणतात. तुमचे पोते प्लॅस्टिकचे असेल तर सुमारे पावणेनऊशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सगळा किलोच, नाहक गेला. त्यावर पुन्हा कडता म्हणून मूठ-पसा काढला तर तो निराळाच. उपाय एकच. रिकामे पोते आधी चौकटीला अडकवा, काटा शून्यावर आणा आणि मग झडप उघडा. पोत्याचे वजन काढूनच टाकले, की वादाला जागा उरत नाही.

शाळेतही हाच प्रश्न येतो. पोषण आहाराची तांदळाची पोती उतरतात, मुख्याध्यापकांनी सही करायची असते, टेम्पोवाला घाईत असतो. समजा वीस पोती आली आणि काट्यावर प्रत्येक पोते बारदानासकट बरोबर पन्नास भरले. म्हणजे तांदूळ पोत्यामागे ५८० ग्रॅम कमी. वीस पोत्यांत ११ किलो ६०० ग्रॅम. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरलेले असते. म्हणजे ११६ मुलांचे एका दिवसाचे जेवण त्या सहीत गेले. पाचवीच्या मुलांना हे गणित घाला. पुस्तकातल्या गणितांपेक्षा ती ते लवकर सोडवतील. आणि पोते पन्नास किलो ५८० ग्रॅम भरले तरच ते पूर्ण, हे पुरवठा करणाऱ्याला त्यांच्यादेखत सांगा.

पन्नास किलो सगळ्याच धान्याचे होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ज्या पोत्यात पन्नास किलो गहू बसतो, त्यात भात चाळीस किलोच्या आसपासच मावतो. नजरेने सारखी दिसणारी पोती वजनाने सारखी नसतात. भाताचे पोते पन्नास करायच्या हट्टाने ठासून भरले, की शिवण फाटते.

शिवणीविषयी थोडे. वर साधारण वीतभर कापड मोकळे ठेवावे. दाभण आणि सुतळीने हाताने शिवले तर दोन्ही टोकांना कान ठेवतात, ते उचलायला उपयोगी पडतात. हातात धरायचे विजेचे शिलाईयंत्र आता बऱ्याच ठिकाणी आले आहे; ते साखळीटाका घालते. त्याची शिवण योग्य टोकाकडून ओढली तर एका झटक्यात सुटते, चुकीच्या टोकाकडून ओढली तर सुटता सुटत नाही आणि मग लोक विळा घालून पोतेच फाडतात. शिवून झाल्यावर टोकाला चार बोटे दोऱ्याची साखळी लोंबती ठेवावी. ती अगदी काठाशी कापली की शिवण गाडीतच उसवू लागते.

आणि या सगळ्याच्या आधी वाळवण. दाण्यात ओल बारा टक्क्यांच्या वर असेल तर साठवणीच्या पोत्यात तो भरू नये. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा. कट् आवाज करून तुटला तर ठीक, दबला तर आणखी दोन उन्हे द्या. उन्हातून काढलेले गरम धान्य लगेच पोत्यात घालू नका, रात्रभर निवू द्या. नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशीला आमंत्रण जाते. भरलेली पोती भुईवर न ठेवता फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

चौकट आणि हॉपर तालुक्याच्या गावचा कुणीही वेल्डिंगवाला अँगल आणि पत्र्यातून करून देईल. त्याच्याकडून हौदाच्या तोंडावर लोखंडी गजांची जाळी मात्र आवर्जून बसवून घ्या. हौद मोठा असेल तर वाहत्या धान्यावर पाय पडलेला माणूस रुतत जातो आणि त्याला ओढून काढणे फार कठीण जाते. पोरेटोरे धान्यात खेळायला उतरतात. त्यांना तिथे फिरकू देऊ नका. भरताना नाकातोंडावर ओला फडका बांधा. भाताचे कूस आणि बाजरीची धूळ छातीत जाऊन बसते. धुळीने भरलेल्या खोलीत विडीकाडी पेटवू नका.

राहता राहिले राशीच्या बुडचे मातेरे. ते पोत्यात ढकलून वजन वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण खडा-माती सापडली की सौद्यात सगळ्या मालाचा भाव उतरतो, दोन किलोंच्या मातेऱ्यापायी वीस पोत्यांचे नुकसान होते. ते सुपाने पाखडून घ्या, निघेल तेवढे घरी दळायला ठेवा आणि उरलेले कोंबड्यांपुढे टाका.