कचेरीतील प्रौढ विद्यार्थी

केंद्र सरकारने 2020 साली मिशन कर्मयोगी मंजूर केले आणि सरकारी नोकरांचे प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर येऊ लागले, तेव्हापासून मेजापाशी बसूनच शिकण्याची सोय झाली खरी. परंतु जुनी परिपत्रके पडद्यावर चढवून खाली ‘पुढे’ अशी कळ ठेवली म्हणजे अभ्यासक्रम सिद्ध झाला, ही समजूत मात्र अद्याप पुरती गेलेली नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, प्रौढ मनुष्य आपल्या अनुभवासह शिकावयास बसतो आणि समोरच्या अडचणीस उपयोगी पडेल ते ज्ञान आस्थेने स्वीकारतो.

वारस-नोंदीचाच पाठ घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम 150 तलाठ्यास नुसते वाचून दाखविण्यापेक्षा, मयत खातेदाराच्या वारसांत विवाहित कन्येचे नाव गाळलेले आहे, ‘बहिणीने हक्क सोडला’ असे थोरला भाऊ तोंडी सांगतो आहे, कागद मात्र एकही नाही, असा प्रसंग मांडून ‘आपण काय कराल?’ असे विचारावे. आणि उत्तर चुकल्यास लाल फुली मारून न थांबता, त्या नोंदीवर हरकत येऊन प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे कसे जाते, तेही दाखवावे.

पाठ दहा मिनिटांत आटोपावा, कारण दाराशी खातेदार खोळंबलेले असतात. परंतु विस्मरणाचा वेग आरंभीच अधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये दाखविले. तेव्हा आठवड्याने तोच प्रश्न निराळ्या कुटुंबाच्या कागदपत्रांवर पुन्हा विचारावा, आणि प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे, मग वरिष्ठांना तक्ता भरण्याची कितीही निकड असो.