यंत्र, माणूस आणि अंगठा



कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या पुढे जाईल का, उद्या त्याची जागाच घेईल का, असा विषय मला दिला आहे. मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर. भविष्य सांगणार नाही. पुढे जाण्याचे म्हणाल, तर १९९७ सालीच 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. या तंत्राचा पाया घातल्याबद्दल २०२४ चे नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन स्वतःच बजावतात, की हे आपल्या हाताबाहेर जाऊ शकते. तेव्हा ही भीती खुळी नाही.

पण जागा घेणे ही वेगळी गोष्ट. त्याचा एक छोटा अनुभव आपल्या कर्नाटकाने घेतला आहे. सुमारे २५ वर्षांपूर्वी 'भूमी' योजनेत ६७ लाख खातेदारांचे जवळपास २ कोटी उतारे संगणकावर गेले. हाताने लिहिलेला उतारा बंद झाला. शेतकऱ्यांचे हेलपाटे कमी झाले, हे चांगलेच झाले. मात्र त्यात एक गोष्ट मुद्दाम ठेवली होती. फेरफाराच्या कामात अधिकाऱ्याला यंत्रावर बोटाचा ठसा द्यावा लागे. उद्या कोणी 'मी नाही, संगणकाने केले' म्हणू नये, म्हणून.

आता माझीच गोष्ट सांगतो. एक आजी वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावायला आल्या होत्या. माहेरच्या कागदांत यमुना, आधार कार्डावर लक्ष्मी. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. मीही मान वर न करता म्हणालो, "सिस्टीम घेत नाही, आजी." त्या उठून निघाल्या होत्या. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हाक मारून विचारले, "लग्नात नाव बदललं होतं का हो?" आजी मटकन खाली बसल्या. मग प्रतिज्ञापत्र झाले, गावातल्या जाणत्यांचे जबाब झाले आणि नाव लागले.

लग्नात नाव बदलायची आपली रीत उद्या यंत्रही शिकेल. कदाचित माझ्याआधी शिकेल. पण त्या दिवशी चूक यंत्राची नव्हती, माझी होती. विचारणे हे माझे काम होते आणि ते मी आपणहून सोडून दिले होते. यंत्र आपली जागा हिसकावून घेईल की नाही, ते मला ठाऊक नाही. आपण ती अशी रोज थोडी थोडी रिकामी करतो, हे मात्र मी पाहिले आहे. निर्णय चुकला, तर त्या आजींना तोंड दाखवायला माणूसच लागतो. म्हणून अंगठा आपला हवा, आणि तो डोळे उघडे ठेवून दिलेला हवा.

महाभारत लिहून घेताना गणरायाने व्यासांना अट घातली, की मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. पहिली अट यंत्र आपल्यापेक्षा चांगली पाळेल. दुसरी आपण सोडू नये, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!