पाण्याची नोकरी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आत्ता माझी ओळख 'जलतज्ज्ञ' अशी करून दिली. खरं सांगतो, कृषी पदवी झाल्यावर मला बँकेत जायचं होतं. परीक्षा पास झालो नाही, म्हणून मृद संधारणात, म्हणजे पाण्यात पडलो!

आपल्या विंगमधली मुलं विचारतात, काका, या कामासाठी काय शिकायचं? वाटा पुष्कळ आहेत. कृषी अभियांत्रिकी, सिव्हिल, भूशास्त्र घेतलं तर भूजल सर्वेक्षण, नाहीतर समाजकार्य. मला मात्र शिकवलं ते एका फुटलेल्या बांधाने.

पुरंदर तालुक्यात माझ्या देखरेखीखाली पहिला माती नालाबांध झाला. गावातले एक बाबा म्हणाले, "साहेब, सांडवा अरुंद झालाय. पाणी इथवर चढतं," आणि त्यांनी बाभळीच्या बुंध्यावर हात ठेवला. मी त्यांना आराखड्यातले आकडे दाखवले. परतीच्या पावसात एका रात्रीत बांध गेला. खाली बाबांचंच रान होतं, भुईमूग काढणीला आलेला. त्यावर मुरूम पसरला. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा दिला.

पुढे तीस वर्षं मी आराखड्याआधी गावातल्या जुन्या माणसाबरोबर नाला पायी फिरलो. आणि काम माथ्यापासून: आधी डोंगरावर समतल चर, मग शेताचे बांध, नाला शेवटी. पुढाऱ्यांना आधी खालचा बंधारा हवा असतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं!

त्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत पाहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी, अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. पाणी अडवण्यापेक्षा वाटणं अवघड, हे मला तिथे कळलं.

आता घरचं बोलतो. दर उन्हाळ्यात आपण टँकरची बिलं मंजूर करतो आणि सर्वसाधारण सभेत मी गप्प बसतो. चूक माझीच. आपली गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर २ लाख ८० हजार लिटर. वाया जाणारं सोडा, तरी १० हजारी वीस-बावीस टँकर होतात. ते आज गटारात जातं. पहिल्या सरी सोडून बाकीचं वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरजवळ मुरवता येईल. सगळं आपल्याच बोअरला परत मिळेल असं नाही हं, थोडं शेजारच्या सोसायटीला जाईल. जाऊ दे की!

जागा मी अजून नक्की केलेली नाही. पावसात अंगणातलं पाणी कुठून कुठे धावतं, ते आधी वॉचमनकाकांना विचारायचं आहे. मुलांनी रविवारी सकाळी ७ वाजता गच्चीवर यावं. टेप मी आणतो.